डाव्या बाजूचं झाकण

लग्नाची पहिली पत्रिका दारात पडली की माझ्या नाकात जळक्या ऑइलचा वास येतो. पत्रिकेला अत्तर लावलेलं असतं, कोपऱ्यांना हळदकुंकू असतं, तरी येतोच. बायको म्हणते, एकदा नाकाच्या डॉक्टरला दाखवून या. मी पत्रिका टीव्हीखाली सरकवतो आणि जाऊन साबणाने हात धुतो. चैत्र लागला, शाळेच्या मैदानातले कडुनिंब फुलले, दुपारचं डांबर चपलेला धरायला लागलं, की सोलापुरातल्या माणसाला माठ आठवतो, रसवंती आठवते. मला एक गल्ली आठवते. बंद पडलेल्या गिरणीच्या लांब भिंतीला टेकून उभी असलेली, पत्र्याच्या छपरांची, जुन्या मोटारसायकलींचे सुटे अवयव विकणारी. आठवते म्हणजे काय, मळमळतं.

यंदा पत्रिकेच्या आधी फोन आला. नातेपुत्याला माझा चुलतभाऊ महादेव असतो, त्याच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न जुळत आलं आहे.

"दादा, स्थळ लई चांगलं हाय. मागणं काय न्हाय बग त्यांचं. फकस्त पोराला गाडी पायजे. नवी जमत नसंल तर जुनी बी चालंल म्हनत्यात, पर चालू मॉडेल पायजे. तुला त्या बाजारातलं समदं ठावं हाय की. येतूस का माज्यासंगं?"

"बघतो," मी म्हणालो. आमच्या घराण्यात नकार द्यायचा धीर नसला की माणूस 'बघतो' म्हणतो. आजवर आमच्यातल्या कुणी काहीही बघितलेलं नाही.

महादेवला वाटतं मी त्या बाजारातला दर्दी आहे. मी तिथे गेलो तो एकच उन्हाळा, माझ्या धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या लग्नाचा. तेव्हा मी शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. बोटांना तांबड्या शाईचे डाग असायचे आणि त्या डागांचासुद्धा मला त्रास व्हायचा. मी जात्याच सोवळा. देवाधर्माचा नव्हे, साबणाचा. दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी चालायचं नाही, एसटीच्या दांड्याला हात लावायचा तर रुमालातून. आई म्हणायची, सगळ्यांची पोरं दुपट्यात गुंडाळून आणतात, हे एक साबणाच्या कागदातून आलंय.

नंदाला बघायला मोहोळचे लोक आले होते. मुलगा साखर कारखान्यात कामाला. त्याच्या बाजूने बोलत होता त्याचा मामा. मांडीवर अडकित्ता घेऊन बसलेला, अंगठीवाल्या बोटांनी सुपारी कातरत कातरत बोलणारा माणूस. मुलगी पसंत आहे म्हणाला. मग अडकित्ता थांबवून म्हणाला, "आमाला काय बी नको. मुलगी आन् नारळ. फकस्त पोराला ड्यूटीवर जायला गाडी लागती. ती तुमी तुमच्या आनंदानं द्या की. नवीच पायजे आसं बी न्हाय. चालू मॉडेल असलं म्हंजी झालं."

हुंडा हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नाही. सगळे शिकलेले होते. वडील शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज नीट लावण्यात ज्यांचा जन्म गेला, ते काय बोलणार? ते माझ्याकडे बघत राहिले. मामाने तळहातावरची सुपारी माझ्यापुढे धरली. मी चिमूटभर उचलली, तोंडात टाकली. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून विचारलं, "रंग कोणता पाहिजे?"

"काळा. लाल पट्ट्याचा," मुलगा म्हणाला. तेवढंच तो त्या दिवशी बोलला. स्वयंपाकघराच्या दारामागे बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

चालू मॉडेलची गाडी, नवी काय आणि वर्षभर वापरलेली काय, आमच्या ऐपतीबाहेरची होती. वडिलांनी त्यांच्या ऑफिसातल्या एकाची जुनी गाडी घेतली. वडिलांच्या साडूने वर्षभर वापरून दिली आहे असं मोहोळला सांगायचं ठरलं, आणि कागदपत्रं पावसाळ्यात नावावर करून देऊ असंही. नंबरावरून गाडीचं वय काढण्याइतकी सवड लग्नघरात कुणाला नसते, हा वडिलांचा हिशेब बरोबर निघाला. इंजिन चांगलं होतं. पण रूप मागच्या जमान्यातलं, कोपरे चौकोनी, रंग विटका. कोपऱ्यावरचा मेकॅनिक अप्पा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "सर, आतलं सोनं हाय. वरचं कातडं तेवढं बदला. कंपनीनं तरी दुसरं काय केलंय? आत त्येच इंजिन, वर नवं कातडं, आन् म्हनं नवं मॉडेल."

"मग रंग मारून घेऊ की."

"रंगवू नगा. रंगवलेली गाडी शेंबडं पोर बी वळखतंय. कंपनीच्या रंगाचाच माल हुडका. टाकी, शिटाखालची दोनी साइडची झाकणं, शिटामागचा काऊल, फुडचं व्हायझर. सगळं काळं, लाल पट्ट्याचं."

म्हणजे कुठेतरी तशाच एखाद्या गाडीने आधी मरायला हवं होतं, आणि तिचं कातडं मी सोलून आणायचं. माझा उन्हाळा असा सुरू झाला.

सकाळी पेपर तपासायचे आणि दुपारी, गल्लीत गर्दी कमी असते म्हणून, तिथे जायचं. उन्हाने पत्रे तडतडायचे. वरून हँडल लटकलेली, खाली सायलेन्सर रचलेले, मध्ये माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढी वाट. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, ऑइलचा वास, थिनरचा वास, आणि या सगळ्यांना पुरून उरणारा भिंतीच्या कडेचा वास, जो कशाचा होता ते सांगायला नको. भिंत कंबरेपर्यंत गुटख्याने रंगलेली. जमिनीवर ऑइल आणि माती मिळून असा लगदा झालेला की चप्पल उचलताना आवाज यायचा. मी नाकाला रुमाल लावून, पँट दोन बोटांनी वर धरून चालायचो. दुकानदार एकमेकांना डोळे मारायचे. मारोत बापडे. मला त्यांच्याकडे बघूनही शिसारी येत होती.

आणि तो माल. एका काऊलच्या फटीत लांबच लांब केस अडकलेला, बाईचा. एका टाकीवर चिकटवलेलं बाळाच्या पावलांचं स्टिकर, अर्धं खरवडलेलं. सीटखालच्या डब्यात उंदराच्या लेंड्या आणि कुठल्याशा देवाच्या अंगाऱ्याची पुडी. गिऱ्हाईक तुकडा हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारायचं, "ॲक्सिडेंटची न्हाय ना?" आणि दुकानदार गळ्याची शपथ घ्यायचा. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असायचं, सांगणाऱ्याला तर असायचंच. मग ते गिऱ्हाईक शांतपणे तुकडा घासून बघायचं आणि घरी जाऊन त्याला लिंबू-मिरची बांधायचं. दुपारभर एक माणूस कोपऱ्यात बसून फडक्याने थिनर लावून नावं पुसत असायचा. आईवडिलांचे आशीर्वाद, सिद्धेश्वर प्रसन्न, पोरांची नावं, प्रेमात पडलेल्यांची बदाम काढलेली अक्षरं. दुसऱ्याच्या देवाची गाडी कुणी घेत नाही. पुसल्यावर फडक्यावर उरायचा तो एक करडा चिखल. मला वाटायचं, इथे माल विकत नाहीत, माणसांचं उष्टं विकतात.

टाकी मिळाली, काऊल मिळाला, व्हायझर मिळालं. उजवं झाकणही मिळालं. डावं मिळेना. गाडी स्टँडवर डावीकडे कललेली असते, पडते ती बहुतेक डावीकडेच, मागे बसणाऱ्या बायकांच्या टाचा लागतात त्याही डावीकडे. त्यामुळे बाजारात उजवी झाकणं ढीगभर आणि डावं धड एक नाही. खुंट्या मोडलेली, चरे पडलेली, गोंदाने जोडलेली झाकणं मी वर्तमानपत्राच्या कागदात धरून उलटीपालटी करायचो. लग्न दहा दिवसांवर आलं तेव्हा मेहबूबभाईने ते काढून दिलं.

मेहबूबभाई त्या गल्लीतला शेवटच्या दुकानाचा मालक. पांढरी दाढी, काळी बोटं. त्या बोटांनी तो चहा प्यायचा, भजी खायचा, आणि मला घाम फुटायचा. झाकण काळं होतं, लाल पट्टा शाबूत, तिन्ही खुंट्या जागेवर. मी कागदातून धरून बाहेरची बाजू निरखली. त्याने ते माझ्या हातातून घेऊन उलटं केलं. आत ऑइल आणि धुळीचा बोटभर थर, कोळ्याची जाळी, आणि थराखालून डोकावणारी पांढऱ्या ऑइलपेंटची ठसठशीत अक्षरं: सिद्राम, वळसंग. रंगाऱ्याकडे किंवा मेकॅनिककडे दहा गाड्यांची झाकणं सुटी पडलेली असतात, मिसळू नयेत म्हणून आतून मालकाचं नाव लिहितात, एवढं मला तोवर कळलं होतं.

"सर, ये अंदरसे बी पोंछ लेव," मेहबूबभाई म्हणाला. थिनरचं फडकं त्याने माझ्यापुढे धरलं. "भारका सब लोगां देखते. अंदरका येकच देखता, मेकॅनिक. मेरा आदमी आज आया नै, तुम्हीच पोंछो, दो मिनिट का काम."

मी त्या फडक्याकडे पाहिलं. आजवर पुसलेली सगळी नावं त्यात होती.

"राहू द्या," मी म्हणालो. "आतून कोण बघतंय?"

त्याने खांदे उडवले. मी झाकण कागदात गुंडाळलं, घरी आलो, गार पाण्याने दोनदा अंघोळ केली. अप्पाने संध्याकाळी तीन खुंट्या रबरात दाबून बसवल्या आणि गाडी पुरी झाली. अगदी चालू मॉडेल. वडील तिच्यासमोर उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं आहे असं मी समजून चाललो.

लग्नात ती मांडवाच्या तोंडाशी उभी होती, कपाट आणि पलंग यांच्यामध्ये. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याभोवती फिरायचा, मग अक्षता घ्यायचा. मामा आला. टायर दाबलं, सीटवर थाप मारली, अंगठीने टाकी वाजवून बघितली. "टणटणीत हाय," म्हणाला. महिनाभर मी दुसऱ्यांच्या टाक्या अशाच वाजवून बघत होतो. बघण्याच्या दिवशी याच मामाने नंदाला चार पावलं चालून दाखव म्हटलं होतं, तेही मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. मी आत जाऊन पंगतीत पाणी वाढायला लागलो.

दिवाळीला नंदाला माहेरी आणायला मोहोळला गेलो. अंगणात पाऊल टाकतोय तोच तिच्या सासूने आतल्या पोरांना हाक दिली, "आरं, सिद्रामला बाजूला घ्या रं, पाव्हणं आल्यात!"

मला वाटलं सिद्राम म्हणजे घरचा बैल असेल, नाहीतर गडी. दिरांपैकी एकाने काळी, लाल पट्ट्याची मोटारसायकल भिंतीकडे ढकलली. घरात हसण्याची एक लाट आली. सासू हसतच म्हणाली, "तुमच्याकडनंच आलाय की सिद्राम. वळखलं न्हाय व्हय?" नंदा दारात उभी होती. तिने पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता पुढे चालायला लागली.

एसटीत तिने पिशवी मांडीवर घेतली. मग सांगितलं. श्रावणात गाडी सर्व्हिसिंगला टाकली. मेकॅनिकने डावं झाकण काढलं आणि चार माणसांत मोठ्याने वाचलं, "पाव्हणं, ही गाडी तुमची हाय का सिद्रामची?" मग त्याने इंजिनचं वय सांगितलं, मग बाकी सगळं निघालं. नवरा घरी येऊन झाकण तिच्यापुढे टाकून गेला. त्या दिवसापासून गाडीचं नाव सिद्राम. भाजी खारट झाली की सासू विचारायची, सिद्रामकडं शिकलीस का गं? ती माहेरी फोन करायला लागली की दीर म्हणायचे, सिद्रामला लावतीया. पुढे पुढे विनोद आणखी घसरला, तो तिने मला सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

"आतून का नाही पुसलंस?" तिने विचारलं. "हात घाण होतील म्हणून?"

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला सुचलं नाही.

ती हसली. नंदाला असं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

त्या सिद्रामचा मी पुढे खूप विचार केला. वळसंगचा कुणीतरी माणूस. दुधाच्या किटल्या लावून सोलापूरला येत असेल, नाहीतर बायकोला मागे बसवून बाजाराला. त्याची गाडी त्या गल्लीत कशी आली कुणास ठाऊक. त्याचा काही दोष नसताना मोहोळच्या एका घरात त्याच्या नावाची शिवी झाली. मी त्याच्यावर चिडायचो, मग मेकॅनिकवर, मग मेहबूबभाईवर. किळस मोठी सोयीची असते, ती ज्याच्यावर टाकावी त्याला चिकटते. गाडी काही वर्षांनी भंगारात गेली. नंदाने ते डावं झाकण तेवढं मागून घेतलं आणि एका संक्रांतीला पिशवीतून आणून माझ्या दारात ठेवलं. "तुझं आहे," म्हणाली. बायकोने ते माळ्यावर टाकून काठीने आत ढकललं. मी हात लावला नाही.

महादेवच्या फोननंतर, गेल्या रविवारी, मी त्या गल्लीत गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. भिंत अजून तशीच रंगलेली आहे. पोरं आता मालाचे फोटो मोबाईलवर पाठवतात, पण वास फोटोतून जात नसल्यामुळे तो तिथेच राहिला आहे. मेहबूबभाई फार म्हातारा झालाय, दुकान मुलगा बघतो. त्याने मला ओळखलं.

"रुमालवाले सर! अब किसकी शादी है?"

मी दचकलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"अब इत्ता बी नै समझना क्या? चैत-बैसाखमें नाकको रुमाल लगाके कौन आता इधर? लडकीवाले आते." त्याने काळ्या बोटांनी चहाचा ग्लास पुढे केला. मी उभ्या उभ्या निघालो. ओकारी गल्लीच्या तोंडाशी आली, आणि ती वासाने आलेली नव्हती.

परवा नंदाला फोनवर हे सगळं सांगितलं. ती आता मोहोळमध्येच शिवणकाम करते, सासू गेली, मुलं मोठी झाली. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग महादेवला काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो."

"रंग विचारलास का?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की तिचा राग त्या न पुसलेल्या नावाचा आहे.

"दादा, त्या उन्हाळ्यात तुला सगळ्याची किळस आली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ऑइलची, भिंतीची, त्या म्हाताऱ्याच्या बोटांची. दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी न पिणारा तू. पण मामांच्या तळहातावरची सुपारी उचलून खाल्लीस. मी दाराच्या फटीतून बघत होते. मला वाटलं होतं, आता तरी याला ओकारी येईल."

मागे तिचं मशीन चालू झालं. काम आहे म्हणाली, फोन ठेवला.

काल संध्याकाळी मी स्टूल घेऊन माळ्यावरून ते झाकण काढलं. कागद घेतला नाही, रुमाल घेतला नाही. लाल पट्टा अजून चकचकीत आहे. उलटं केलं तसा आतला चिकट थर बोटांना लागला, नखांत गेला, आणि अंगावर काटा आला, तो यायचाच. सिद्राम, वळसंग. अक्षरं सुवाच्य आहेत, रंगाऱ्याचा हात चांगला होता.

महादेवला मी येतो म्हणून कळवलं आहे. बाजारात नव्हे, येत्या रविवारच्या बैठकीला. पोहे येतील, कुणीतरी सुपारी पुढे करेल, आमचं मागणं काही नाही म्हणेल. तेव्हा हे झाकण बशांच्या मधोमध उलटं ठेवायचं आणि गाडी मिळणार नाही म्हणून सांगायचं. जमेल की नाही माहीत नाही. स्थळ मोडलं तर महादेव जन्मभर तोंड बघणार नाही. पण दाराच्या फटीतून ऋतुजा बघत असेल, एवढं मला आता ठाऊक आहे.

पिशवी भरताना बायकोने डोकावून पाहिलं. "पाहुण्यांत नेताय हे? निदान आतून पुसून तरी न्या," म्हणाली आणि ओलं फडकं आणून दिलं.

मी फडकं घेतलं नाही.